यंत्राचा ताप आणि पांचगणीची हवा

पांचगणी हें गांव एका अडचणीवरचा तोडगा म्हणून वसलें. मुंबई इलाख्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा सोसेना म्हणून महाबळेश्वर उदयास आलें. परंतु महाबळेश्वरचा पावसाळा त्यांना त्याहूनहि सोसेना. तेव्हां बाराहि महिने राहतां येईल अशी जागा शोधण्याची गरज भासली. १८६० नंतरच्या दशकांत जॉन चेसन यांच्याकडे ही कामगिरी आली. आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व ताईघाट या पांच खेड्यांच्या मधल्या भूमीवर त्यांनीं जी वसाहत उभी केली, तीच आजची पांचगणी. सह्याद्रीच्या ऐन माथ्यापासून थोडें पूर्वेस सरकल्यामुळें येथें पाऊस बेताचा, आणि समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंचीमुळें उन्हाळाहि बेताचा. बाहेरून आणलेल्या सिल्व्हर ओकच्या रांगा चेसन यांची आठवण अजून देत असतात.

पुढें या हवेवर रोग्यांचीहि श्रद्धा बसली. १९१२ सालीं डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनीं येथें बेल-एअर हें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढलें. क्षयावर नेमकें औषध त्या काळीं नव्हतें. मोकळी थंड हवा, विश्रांति आणि सकस अन्न, एवढाच काय तो उपचार. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यावर हवेचें हें माहात्म्य उतरूं लागलें, परंतु 'पांचगणीची हवा' हे शब्द मराठी घरांतून एखाद्या औषधाच्या नांवासारखे रूढ झाले ते झालेच.

त्याच हवेच्या भरंवशावर आतां एक नवा प्रश्न सोडविला जातो. घरोघरच्या संगणकांत फिरत्या चकतीच्या जागीं सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, आली आहे. नव्या धर्तीची एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद व बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी एक उघडी पट्टी असते. तिच्यांत फिरणारें असें कांहींच नाहीं, आवाज नाहीं. पण ती तापते. तेव्हां तिच्यावर धातूचें खांचदार आच्छादन, ज्याला हीटसिंक म्हणतात, तें बसवावें काय, किंवा एखादा लहान पंखा लावावा काय, अशी शंका घेणाराच्या मनांत येते. पांचगणीकराचें उत्तर तयार असतें: येथें माणसालाच पंखा लागत नाहीं, मग पट्टीला कशाला? उलट, मुंबईचा गृहस्थ घामाघूम होऊन संगणकाकडे पाहतो आणि दोन पंखे अधिक विकत घेतो. दोघांचीहि चूक एकच आहे. यंत्राचा ताप ते आपल्या अंगावरून मोजतात. ही चूक कांहीं आजची नव्हे. संगणकाच्या जन्मापासून ती त्याच्या पाठीशीं लागलेली आहे, आणि ती थोडथोडी कशी सुधारत गेली याची हकीकत पाहिल्यावांचून त्या लहानशा पट्टीविषयीं नीट निर्णय करतां येत नाहीं.

माणसाच्या तापाविषयींहि एके काळीं असेंच होतें. कपाळाला हात लावून वैद्य ताप सांगत असे. १८६८ सालीं जर्मनींतील कार्ल वुंडरलिश यांनीं हजारों रोग्यांच्या तापमानांच्या नोंदींवर आधारलेला आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि उष्णतामापकाची नळी हळूहळू प्रत्येक डॉक्टरच्या खिशांत आली. हाताचें प्रमाण लटकें कां, याचें कारण साधें आहे. हाताला सुमारें ४५ अंशांच्या पुढें वेदना होऊं लागते. ५५ अंशांची धातूची वस्तु धरवत नाहीं. पण संगणकांतील चिपेला ५५ अंश म्हणजे कांहींच नव्हे. घरगुती एसएसडीसाठीं बहुतेक उत्पादक ० ते ७० अंश ही कामाची मर्यादा छापतात. म्हणजे हात जेथें 'भाजलें' म्हणून मागें येतो, तेथें यंत्र खुशाल चाललेलें असतें.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत नसते. हवा थंड करणाऱ्या आधुनिक यंत्राचा जन्म माणसासाठीं झालाच नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे, आक्रसे, आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसत ना. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनें त्या कागदासाठीं हवेंतील ओल व उष्णता आवरण्याची योजना आंखली. वातानुकूलनाचा इतिहास तेथून सुरू होतो. नाटकगृहें, कचेऱ्या आणि शयनगृहें मागाहून आलीं. तेव्हां वस्तूची गरज वेगळी व माणसाची वेगळी, हें तत्त्व प्रारंभींच मान्य झालेलें होतें. विसर पडला तो पुढें.

१९४६ सालीं अमेरिकेंत एनिॲक हें गणकयंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते, आणि तें सुमारें १५० किलोवॉट वीज खाई. जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्याची ऊब ठाऊक असेल. तसले अठरा हजार एका दालनांत! तेथें हवा खेळविण्यासाठीं मोठमोठे पंखे बसवावे लागले, यांत नवल नाहीं. नवल दुसरेंच होतें. व्हॉल्व्ह जळत ते बहुतकरून यंत्र चालू करतांना किंवा बंद करतांना, म्हणजे तापतांना आणि निवतांना. यंत्र सतत चालू ठेवलें असतां ते कमी जळत. केवळ उष्णतेपेक्षां उष्णतेची चढउतार अधिक घातक ठरते, हा धडा पहिल्याच यंत्रानें दिला होता.

भारतांत पहिलें संगणकयंत्र कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत १९५५ च्या सुमारास आलें. परंतु येथेंच कल्पिलें व बांधलें गेलेलें मोठें यंत्र उभें राहिलें तें मुंबईस, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखालीं बांधलेलें हें यंत्र १९६० सालीं कामाला लागलें आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांतहि सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें, आणि मग बँका, विमा, कारखाने, विद्यापीठें अशा क्रमानें संगणक देशभर पसरला. जेथें जेथें तो गेला, तेथें तेथें त्याच्याबरोबर थंडगार बंद खोलीहि गेली.

या खोलीनें एका पिढीच्या मनावर जो संस्कार केला, तो अद्याप पुसलेला नाहीं. दाराबाहेर जोडे काढावयाचे, आंत जातांना स्वेटर घालावयाचा, आवाज हळू करावयाचा. संगणक-कक्ष आणि देवघर यांत फारसें अंतर नव्हतें. त्या खोलीला सबळ कारणें होतीं. यंत्रें मोठीं, चुंबकीय फिती व चकत्या नाजूक, धूळ हा शत्रु. परंतु कारणें गेलीं तरी सोवळें राहतें, तसें झालें. पुढें घरांत लहान संगणक आला तेव्हां त्याच्यासाठीं भरतकाम केलेलें कापडी आच्छादन शिवण्यांत आलें, आणि कित्येक घरीं यंत्र चालू असतांनाहि तें आच्छादन पाठीमागच्या जाळीवर लोंबत राहिलें. गारव्याची भक्ति करतां करतां यंत्राचा श्वास कोंडला जात होता. एखादी नवी हीटसिंक न लावल्यानें जेवढें बिघडत नाहीं, तेवढें त्या नक्षीदार कापडानें बिघडे.

मोठ्या यंत्रांच्या जगांत मात्र विचार पुढें चालला होता. १९७६ सालच्या क्रे-१ या महासंगणकांत फ्रेऑन वायूनें थंड केलेल्या पट्ट्या विद्युत्पाटांना भिडविलेल्या होत्या. १९८५ च्या क्रे-२ मध्यें तर सारे विद्युत्पाट एका विजेला न वाहणाऱ्या द्रवांतच बुडविलेले होते. गारवा खोलींतून निघून यंत्राच्या पोटांत शिरला. असें यंत्र भारतास मुक्तपणें मिळेना, म्हणून १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० तयार झाला. एका अवजड व अतितप्त प्रोसेसरवर भिस्त न ठेवतां अनेक लहान प्रोसेसरांकडून वांटून काम करून घेण्याची त्याची रीत होती. काम वांटलें म्हणजे उष्णताहि वांटली जाते, हें ओघानेंच आलें. पुण्याच्याच आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या परम ब्रह्म या यंत्रांत पाण्याचा गारवा थेट चिपेच्या माथ्यापर्यंत नेला आहे. साठ-सत्तर वर्षांत गारव्यानें केलेला हा प्रवास म्हणजे खोलीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून चिपेपर्यंत. भोंवतालची हवा किती गार आहे हा प्रश्न मागें पडून, उष्णता जेथें जन्मते तेथून ती निघते कशी, हा प्रश्न पुढें आला. पांचगणीच्या हवेविषयींचें उत्तर याच दुसऱ्या प्रश्नांत आहे. पण त्याआधीं साठवणीच्या साधनांकडे वळलें पाहिजे.

१९५६ सालीं आयबीएम कंपनीनें रॅमॅक या यंत्राबरोबर पहिली चुंबकीय चकतीची साठवण विकावयास काढली. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, आणि सगळ्यांची मिळून साठवण पांच मेगाबाइटांच्या आसपास. म्हणजे आजच्या मोबाइलनें काढलेलें एखादें-दुसरें छायाचित्र. पुढें चकत्या लहान होत गेल्या, साठवण वाढत गेली, पण एक समजूत कायम राहिली कीं चकती जितकी थंड तितकी ती दीर्घायु. या समजुतीची मोठ्या प्रमाणावर परीक्षा २००७ सालीं झाली. गूगलच्या तीन संशोधकांनीं आपल्या कंपनींतील एक लाखाहून अधिक चकत्यांच्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. तापमान व बिघाड यांचा जो घट्ट संबंध सर्वजण गृहीत धरीत होते, तो त्यांस आढळला नाहीं. फार उच्च तापमानांत आणि जुन्या चकत्यांत बिघाड वाढलेला दिसला खरा. परंतु बेताच्या पट्ट्यांत अधिक थंड ठेवलेल्या चकत्याच उलट अधिक बिघडल्या होत्या. पन्नास वर्षें पाळलेलें सोवळें एका निबंधानें डळमळलें.

एसएसडीची जात मात्र चकतीहून निराळी. तिचें मूळ १९६७ सालच्या एका शोधांत आहे. बेल प्रयोगशाळेंतील दावोन कांग आणि सायमन झी यांनीं, विद्युत्कण एका निरोधक थराच्या आड कोंडून ठेवतां येतात आणि वीज तोडली तरी ते तेथेंच राहतात, असें दाखविलें. त्यावरून जपानांत तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्लॅश स्मृति सिद्ध केली. नॅन्ड हा जो तिचा प्रकार आज सर्वत्र वापरतात, तो १९८७ सालीं जगापुढें आला. १९९१ सालीं अमेरिकेंत सनडिस्क, म्हणजे पुढची सॅनडिस्क, या कंपनीनें २० मेगाबाइटांची पहिली विकाऊ एसएसडी केली. या कंपनीच्या संस्थापकांत भारतांत जन्मलेले संजय मेहरोत्रा हे एक होते.

या पट्टीवर दोन तऱ्हेच्या चिपा असतात, आणि त्यांचे स्वभाव जुळत नाहींत. पहिली तऱ्हा स्मृतीच्या चिपांची. त्या माहिती राखतात. दुसरी चिप म्हणजे कंट्रोलर. ती या पट्टीची कारकून. कोणती माहिती कोठें ठेवली, कोणती पेटी झिजली, चुका कोठें झाल्या व त्या कशा दुरुस्त करावयाच्या, हा सारा हिशेब ती क्षणाक्षणाला करीत असते. उष्णता मुख्यतः जन्मते ती या कारकुनाच्या डोक्यांत. जुन्या साटा जोडणीच्या एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटांच्या आसपास थांबत आणि दोन-चार वॉट वीज खात. त्यांचें धातूचें कवचच त्यांना पुरे होई. २०११ सालीं एनव्हीएमई ही नवी संकेतप्रणाली निघाली, आणि वेग ३,५००, मग ७,०००, आणि आतां पांचव्या पिढींत १४,००० मेगाबाइटांपर्यंत गेला. या अखेरच्या पट्ट्या भर कामांत दहा वॉटांच्या पुढें जातात. घरांतला ९ वॉटचा एलईडी दिवा मानेशीं किती तापतो, तें बदलतांना अनेकांनीं अनुभवलें असेल; तेवढी उष्णता आतां बोटाएवढ्या पट्टीवरील नखाएवढ्या चिपेंतून बाहेर पडावयाची असते.

मग ही पट्टी जळते काय? सहसा नाहीं, कारण ती स्वतःचें तापमान स्वतःच पाहते. मर्यादा जवळ आली कीं ती आपला वेग उतरविते, थोडी निवते, पुन्हां वेग घेते. चढावर दमलेला मनुष्य पसरणीच्या घाटांत जसा वळणावळणावर थांबतो, तसेंच हें आहे. २०१५ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठ व फेसबुक यांच्या संशोधकांनीं प्रत्यक्ष वापरांतील पुष्कळ एसएसडींच्या नोंदी तपासल्या. उच्च तापमानानें बिघाड वाढतो, परंतु वेग आपोआप उतरविण्याच्या योजनेनें तो परिणाम बराच आवरला जातो, असें त्यांस दिसलें. अपवाद झालेच नाहींत असें नव्हे. २०२३ सालीं आलेल्या पांचव्या पिढीच्या पहिल्यापहिल्या पट्ट्यांपैकीं कांहीं, हीटसिंकशिवाय उघड्या चालविल्या असतां, मंद होण्याऐवजीं एकदम बंद पडत, असें परीक्षकांना आढळलें. पुढें अंतर्गत आज्ञावली बदलून तो दोष दूर करावा लागला.

आतां पांचगणीचा हिशेब. येथें हवेचा गुण जितका सांगितला जातो तितका सारा यंत्राच्या पदरांत पडत नाहीं. दर हजार मीटर चढास हवा सुमारें साडेसहा अंशांनीं गार होते, या साधारण नियमानें समुद्रकांठच्या मानानें पांचगणीस आठ-साडेआठ अंशांचा फायदा. पण त्याच उंचीवर हवा विरळहि होते. येथें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतें, हें त्याचेंच चिन्ह. हवा सुमारें आठव्या हिश्श्यानें विरळ असल्यामुळें तिची उष्णता वाहून नेण्याची शक्ति सहा ते दहा टक्क्यांनीं उणी पडते. पट्टी मुंबईस भोंवतालच्या हवेपेक्षां ४० अंश अधिक तापत असेल, तर तीच पांचगणीस ४३-४४ अंश अधिक तापेल. आठ मिळाले, तीन-चार परत गेले. नक्त लाभ चार-पांच अंशांचा. मोठ्या संगणक-केंद्रांच्या नियमांत तर ठराविक उंचीच्या वर दर ३०० मीटरांमागें हवेच्या तापमानाची मर्यादा एका अंशानें खालीं घेण्याची रीतच आहे.

चार-पांच अंश अगदींच क्षुल्लक नव्हेत. पण ते खोलींतल्या हवेचे, पेटींतल्या नव्हेत. पट्टी जर ग्राफिक्स कार्डाच्या खालीं दडलेली असेल, तर तिच्या भोंवतीं पांचगणी नसतेच. तेथें त्या कार्डाचा उष्ण उच्छ्वास असतो. आणि थंडीच्या गांवची म्हणून एक खास खोड आहे. डिसेंबरांत लॅपटॉप मेजावर न ठेवतां दुलईवर घेऊन बसण्याचा मोह होतो. खालची जाळी दुलईंत रुतते, हवेची वाट बंद होते, आणि बाहेर अंगावर कांटा उभा राहत असतां आंत यंत्र मुंबईच्या मे महिन्यांत असतें.

याकरितां निर्णय हवेवरून नव्हे, हातावरूनहि नव्हे, तर पट्टीच्याच नोंदवहीवरून करावा. सुदैवानें अशी नोंदवही तिच्यांत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनांनीं तिचें चालू तापमान दिसतें. शिवाय एनव्हीएमईच्या नोंदींत, पट्टीनें आजवर किती मिनिटें इशाऱ्याच्या तापमानावर काढलीं, याचाहि आंकडा ठेवलेला असतो. रोग्याच्या उशाशीं टांगलेल्या तक्त्यासारखाच हा तक्ता. आपल्या घरचें जें सर्वांत जड काम असेल, म्हणजे लग्नाच्या चित्रफितींचा मोठा गठ्ठा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणें वगैरे, तें चालू करावें आणि तापमान पाहावें. साठ-पासष्टच्या आंत राहिलें, आणि कित्येक महिन्यांच्या वापरानंतरहि इशाऱ्याच्या मिनिटांचा आंकडा शून्यच असला, तर अधिक गारव्याची गरज नाहीं. गांव पांचगणी असो वा नागपूर. आंकडा वाढत असला, तर मात्र आधीं वाट मोकळी करावी, धूळ काढावी, संगणकाच्या मदरबोर्डाबरोबर धातूची पट्टी आलेली असेल ती बसवावी. ती बसवितांना तिच्या खालच्या मऊ थर्मल पॅडवरचा पारदर्शक कागद सोलावयाचा असतो. तो न सोलतां पट्टी बसवून 'हीटसिंकनें कांहीं फरक पडत नाहीं' म्हणणारे लोक थोडेथोडके नाहींत. पांचव्या पिढीची पट्टी असेल तर हीटसिंक प्रारंभापासूनच घ्यावी. पंख्याची पाळी घरगुती वापरांत क्वचितच येते.

एक गैरसमज येथेंच निवारला पाहिजे. पुष्कळ मोठी फाइल लिहितांना वेग मध्येंच ढासळला म्हणजे लोक उष्णतेला दोष देतात. बहुतेक एसएसडींत जलद लेखनासाठीं एक राखीव जागा असते; ती भरली कीं पुढचें लेखन मूळच्या संथ गतीनें चालतें. तापमान खालीं असून वेग पडला, तर कारण हें. त्यावर जगांतला कोणताहि पंखा चालत नाहीं.

आषाढांत पांचगणीस धुकें खिडक्यांतून घरांत येतें, तेव्हां यंत्राला दंव बाधेल ही भीति साहजिक आहे. पण दंव पडतें तें भोंवतालच्या हवेहून थंड अशा पृष्ठभागावर. चालू यंत्र हवेहून ऊबदार असतें, आणि साधा पंखा त्याला हवेहून थंड करूं शकत नाहीं. म्हणून तेथें धोका नाहीं. रात्रभर थंड पडलेलें बंद यंत्र एकदम ऊबदार, दमट खोलींत आणलें, तर मात्र तें तासभर तसेंच ठेवून मग चालू करावें.

आतां राहिली ती स्मृतीच्या चिपांची गोष्ट, आणि तींत या गांवच्या हवेला खरें महत्त्व आहे. कंट्रोलरला गारवा हवा. स्मृतीच्या चिपांना लिहितांना थोडी ऊबच मानवते, कारण लेखनानें निरोधक थराला होणारी इजा उबेंत अधिक भरून येते. परंतु वीज तोडून पट्टी कपाटांत ठेवली, कीं उष्णता त्यांची वैरीण होते. कोंडलेले विद्युत्कण उष्णतेनें हळूहळू निसटतात. जेडेक या मानक ठरविणाऱ्या संस्थेनें २०१० सालीं घातलेल्या नियमानुसार घरगुती एसएसडीनें, तिचें लेखनाचें सारें आयुष्य खर्ची पडल्यावरहि, वीज नसतां ३० अंशांत एक वर्ष माहिती राखली पाहिजे. साठवणीचें तापमान पांच अंशांनीं वाढलें कीं ही मुदत जवळजवळ निम्मी होते, आणि पांच अंशांनीं उतरलें कीं जवळजवळ दुप्पट. नव्या पट्टीची मुदत याहून पुष्कळ मोठी असते. तरी प्रमाण हेंच. म्हणजे चालू यंत्रांत ज्या चार-पांच अंशांचें फारसें मोल नव्हतें, तेच अंश कपाटांतल्या बंद पट्टीला मोठा आधार देतात. विदर्भांतल्या पत्र्याच्या छपराखालच्या कपाटांत आणि पांचगणीच्या दगडी भिंतींतल्या कपाटांत ठेवलेल्या दोन झिजलेल्या पट्ट्यांचें भवितव्य एक नसतें.

पांचगणींत वसतिगृहांच्या शाळा अनेक आहेत. सेंट पीटर्स, किमिन्स, संजीवन यांसारख्या कांहींनीं पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडविले. अशा गांवांत घरोघर आणि संस्थोसंस्थीं जुनीं छायाचित्रें, हजेरीपत्रकें, स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती आतां कागदावरून या पट्ट्यांवर गेल्या आहेत. फिरती चकती मरतांना बहुधा कुरकुरे, खडखडे; एसएसडी बहुधा कांहींहि न बोलतां जाते. हीटसिंक आहे कीं नाहीं, याची चौकशी तिच्या मालकांकडून पुष्कळ होते. दुसरी प्रत कोठें आहे, हें मात्र फार थोड्यांस सांगतां येतें. नको असलेल्या पंख्यावर जे रुपये जावयाचे, त्यांत थोडी भर घातली तर दुसरी पट्टी येते. ती कोरड्या कपाटांत ठेवावी. वर्षांतून एकदां, सुटीच्या दिवसांत, यंत्रास जोडून तिच्यांतील सर्व फाइली उघडतात कीं नाहीं हें पाहावें. आणि तिसरी प्रत घाटाखालीं वाईस किंवा पुण्यास एखाद्या विश्वासू नातलगाच्या घरीं असावी.